पाक आणि मृग

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात नेरळला आत्याच्या गच्चीवर मी ट्रायपॉड रोवला. खाली गुळाचा पाक, वर मृग नक्षत्र. दोन्ही वेळेवर उतरवायचे होते.

जवळच वांगणीला खगोल मंडळाच्या कार्यक्रमांत मी रात्री जागवल्यात. टॉर्चला लाल कागद लावायची शिस्त तिथेच लागली. फोटोग्राफी मात्र स्वयंभू, आणि ते दिसतं.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं? माझं मत साधं होतं: जास्त वेळ, जास्त तारे. कॅमेरा आपणहून तीसच सेकंद मोजतो म्हणून वाचलो. मोठं करून पाहिलं, तर प्रत्येक ताऱ्याचा तांदूळ झालेला.

"हात हलला वाटतं," आत्या म्हणाली.

"हात नाही, पृथ्वी हलली."

"दुसऱ्यावर ढकलायची सवय अगदी तुझ्या बापाची."

पण खरंच पृथ्वीच! तिच्या फिरण्याने आकाश तासाला १५ अंश सरकतं. ध्रुवाजवळचे तारे जागच्या जागी घुटमळतात. मृग मात्र खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे सगळ्यांत पळपुटा. त्यासाठी जुना ठोकताळा आहे: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं. माझी १८ मिलिमीटर, म्हणून मग मी २८ सेकंद धरले. आपला सेन्सर लहान आहे, १८ ला आधी दीडने गुणायचं असतं, हे नंतर आठवलं. उरले साडेअठरा. त्यातही ठोकताळा फिल्मच्या काळातला. आजचे सेन्सर ताऱ्याची एवढीशी लांबीही लपवत नाहीत. म्हणजे पंधरा.

"पाकाला कधी घड्याळ लावतात का?" आत्या म्हणाली. "थेंब पाण्यात टाकायचा, गोळी झाली की उतरवायचा."

एवढं बोलून ती खाली गेली. मी मुकाट्याने दहाचा एक थेंब टाकला, मग बाराचा, मग पंधराचा. पंधराला तारे गोल आले. वीसला पुन्हा तांदूळ. शिवाय माथेरानच्या डोंगरामागे पनवेलचा उजेड असा चढला की नेरळला सूर्य पश्चिमेला उगवतो असं वाटावं.

पण पंधरा सेकंदांत मृगातला तेजोमेघ म्हणजे नुसता धुरकट ठिपका. त्यावर उपाय पोस्टातल्या आवर्ती ठेवीचा: पंधरा-पंधरा सेकंदांचे साठ फोटो काढायचे आणि संगणकाला बेरीज करायला लावायची. पाव तासाचा उजेड जमतो, तारे जागेवर बसवले जातात, दाणेदारपणाही बराच निवळतो. हप्ता मात्र चुकवायचा नाही.

एकेचाळिसाव्या हप्त्याला गच्चीची ट्यूब लागली. आत्या ताटलीत लाडू घेऊन आली, "थंडीत कुडकुडतोयस," म्हणाली, ताटली ठेवली, दिवा घालवला आणि गेली. सगळं पंधरा सेकंदांत.

त्या फोटोत एकही तारा नाही. तीन आत्या आहेत, पाच हात आणि एक ताटली. उरलेल्या एकोणसाठांचा मृग छान उतरला. तो माझ्या संगणकात आहे. आत्याने दिवाणखान्यात लावलाय तो एकेचाळिसावा.

"पाठ जरा वाकडी आलीय," ती म्हणते. "तेव्हा अजून दोन सेकंद थांबला असतास तर?"