दिवाडीच्या मित्राकडे कसे जावे

ज्याचा मित्र बेटावर राहतो, त्याने हॉटेलात पैसे घालवणे हा मित्राचा अपमान होय. असा अपमान आपल्या हातून होऊ नये, यासाठी हे मार्गदर्शन. नमुन्यादाखल गोव्यातले दिवाडी बेट घेतले आहे. मांडवीच्या पात्रात, जुन्या गोव्याच्या समोरच. भातशेती, कौलारू घरे, टेकडीवर चर्च, आणि पूल नाही.

मित्राला आधी कळवू नये. कळवले की त्याला नेमकी त्याच दिवशी कामे निघतात. धक्क्यावर पोचल्यावरच फोन करून "अरे, समोर उभा आहे!" एवढेच म्हणावे. समोर उभ्या माणसाला नाही म्हणणे अवघड असते.

गाडी न्यावीच, आणि असेल तेवढी मोठी. खलाशी "आणखी पुढे, आणखी पुढे" असा हात करत तुम्हाला फेरीबोटीच्या तोंडाशी नेऊन उभे करील. तिथे हँडब्रेक ओढून तडक मागच्या कठड्याशी जावे आणि व्हिडिओ काढत बसावे. दोन काठांमधले अंतर काही मिनिटांचेच आहे. बोट पलीकडे लागते, साखळ्या खडखडतात, पुढची फळी उतारावर टेकते, सगळ्या स्कूटरी एकदम गुरगुरू लागतात. आणि सगळ्यांच्या पुढे तुमची गाडी, कुलूपबंद. त्यानंतर जो भोंग्यांचा गजर होतो, तो स्वागताचा समजावा.

घरी पोचल्यावर बल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, सिमेंटच्या बाकावर पाय पसरून बसावे. "किती सुखी आहेस रे तू!" हे पहिले वाक्य. "पण इथे कंटाळा नाही येत?" हे दुसरे. दोन्ही चहा संपण्याआधी झाली पाहिजेत. मित्र सांगू लागेल की गॅसचा सिलिंडर बोटीने येतो, घर दुरुस्तीचे सिमेंट बोटीने येते, आणि रात्री कोणाला छातीत दुखले तर पहिला विचार डॉक्टरचा नाही, बोटीचा येतो. त्याला मध्येच थांबवून "पण शांतता बघ ना!" म्हणावे. ज्याला रोज ऑफिससाठी बोट पकडावी लागते, त्याला शांततेचे महत्त्व बाहेरच्यानेच पटवून द्यावे लागते.

जेवणाबाबत तडजोड नको. गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. नेमके त्याच दिवसांत जाऊन ताज्या इसवणाचा हट्ट धरावा. मित्राची आई सुक्या बांगड्याची किसमूर पुढे करील. ती दोनदा मागून घ्यावी आणि मग "ताजे असते तर!" असा सुस्कारा सोडावा. (किसमूर खरोखर उत्तम असते, हे मात्र चुकूनही बोलून दाखवू नये. उद्या पुन्हा तीच मिळेल.)

दुपारी सारे घर आडवे झाले की इतिहास काढावा. गोवेकराला गोव्याचा इतिहास सांगणे हे पुण्याहून आलेल्या पाहुण्याचे कर्तव्यच आहे. कदंबांच्या कुलदैवताचे, सप्तकोटेश्वराचे, मूळ देऊळ याच बेटावर होते; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले; देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथले देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नव्याने बांधवले. हे सगळे मित्राला चौथीपासून पाठ आहे, पण तुम्ही आवाज चढवून सांगावे. त्याचा डोळा लागतोय असे दिसताच "चल, आत्ताच नार्वे बघून येऊ" म्हणावे. तिकडे जायला बेटाच्या दुसऱ्या टोकाहून वेगळी बोट आहे. म्हणजे आणखी एक व्हिडिओ.

मुक्काम किती, हे ऑगस्टवर अवलंबून आहे. त्या महिन्याच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरां असतो: निशाणे, चित्ररथ, वाजंत्री, आणि अख्ख्या गोव्यातून लोटलेली माणसे. त्या दिवशी मित्राकडे त्याचे खरे नातेवाईकही येतात, तेव्हा पलंग आदल्या रात्रीच धरून ठेवावा.

एवढे सगळे केलेत तर पुढच्या वर्षी तुमचा फोन लागणार नाही. लागावा असे वाटत असेल, तर मार्गदर्शन बाजूला ठेवा, चार दिवस आधी विचारा, आणि गाडी जुन्या गोव्याच्या काठावरच सोडा. फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही.