लिंकनहून आल्यावर

ती. आई-बाबांस,


आईला फोनवर 'जेवलात का' एवढं कळलं की पुरतं, पण बाबांना सगळं तपशीलवार आणि लेखी हवं असतं, म्हणून हे पत्र.

परवाच्या शनिवारी नॉटिंगहॅमहून लिंकनला गेलो. तासाभराची गाडी. जुनं गाव टेकडीच्या माथ्यावर आणि स्टेशन पार तळाला. मधल्या चढाला सरळ 'स्टीप हिल' म्हणतात आणि म्हाताऱ्यांसाठी कडेला धरायला लोखंडी कठडाही आहे. तुमचे जावई खालीच म्हणाले, "अजिंक्यतारा चढलेला माणूस आहे मी, कठडा कसला दाखवता?" निम्म्यावर आल्यावर मात्र त्यांना दुकानांच्या काचांत एकाएकी फार रस वाटायला लागला. एका बंद दुकानापुढेही पाच मिनिटं उभे होते.

वर चौकात एका अंगाला किल्ला, दुसऱ्या अंगाला कॅथेड्रल. कॅथेड्रलच्या मधल्या मनोऱ्यावरचा निमुळता कळस १५४८ साली कोसळला. त्याआधी दोनशेवर वर्षं ती जगातली सर्वांत उंच इमारत होती म्हणतात. मध्ये कारागिरांचा बाजार भरला होता. साबण, मेणबत्त्या आणि मध यांपुढून मी पाय न थांबवता गेले, पण विलोच्या टोपल्या विणणाऱ्या बाईंपाशी अडकले. भिजवलेल्या फोका मांडीवर, गुडघ्याखाली टोपलीचं बूड, दाभणाने फट पाडायची, फोक आत सारायची, वरून लोखंडी पट्टीने ठोकायचं. मान वर न करता गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पाही चालू. मी एक दुरडी घेतली. त्या म्हणाल्या, यात पावाचं पीठ फुगवतात. मी मान डोलावली. घरी तिच्यात कांदे ठेवलेत.

किल्ला विल्यम द कॉन्कररने १०६८ साली बांधायला घेतला. तटावरून पूर्ण फेरी मारता येते. आत जुना तुरुंग आहे आणि तुरुंगात प्रार्थनागृह. तिथे प्रत्येक कैद्याला वेगळा उभा खण. शेजारचा दिसायचा नाही, समोरचे पाद्री तेवढे दिसायचे. आई, तुझ्या भिशीच्या मैत्रिणींना सत्यनारायणाला असं बसवलं, तर पाचही अध्याय ऐकू येतील गं.

आता मुख्य गोष्ट. बाबा, तुम्ही जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केलीत, म्हणून तुमच्याकडेच गाऱ्हाणं मांडते. किल्ल्याच्याच तळघरात, अंधूक उजेडात मॅग्ना कार्टा ही इंग्लंडच्या जॉन राजाची सनद ठेवलीय. १२१५ सालच्या मूळ प्रतींपैकी जगात चारच उरल्यात, त्यांतली ही एक. चामड्याच्या एका पानावर मुंगीएवढ्या अक्षरात सगळं लॅटिन. जॉन राजाने त्यावर सही केली नव्हती, नुसती मोहोर उठवली होती. तुम्ही असता तर आधी मोहोर कुठे गेली म्हणून विचारलं असतंत.

तुमच्या नातवाने मात्र शेजारची इंग्रजी पाटी वाचली. राजालाही कायदा लागू, आणि बरोबरीच्या लोकांनी रीतसर निवाडा दिल्याशिवाय कोणाला पकडायचं नाही, त्याची मालमत्ता काढून घ्यायची नाही, हे कलम त्याने तिथेच पाठ केलं. गणिताच्या मार्कांपायी आठवडाभर त्याचा फोन माझ्या कपाटात आहे. परतीच्या गाडीत साहेबांनी मागणी केली: फोन जप्त करायचा तर निवाडा बरोबरीच्यांचा हवा. बरोबरीचे म्हणजे वर्गातले ते चार टोणगे, त्यांतल्या दोघांचे फोन त्यांच्याच आयांच्या कपाटात!

घरी येऊन त्याने सनद लिहिली आणि फ्रिजवर लावली. कलम पहिलं, रविवारी कारलं नाही. कलम दुसरं, पाहुण्यांसमोर पेटी वाजवायला लावायची नाही. खाली तुमच्या जावयांनी सहीसुद्धा ठोकली, कारण कारलं त्यांनाही नको असतं.

जॉन राजाने पुढे काय केलं, ते मी रात्री वाचून काढलं. पोपकडे दाद मागितली आणि पोपने काही आठवड्यांतच अख्खी सनद रद्दबातल ठरवली. बाबा, आमच्या घराचे पोप तुम्ही. रविवारी फोन कराल तेव्हा तेवढा हुकूम द्या. दुसऱ्या बाजूनेही तुम्हाला वेगळं पत्र टाकलंय असा माझा वहीम आहे. ते आधी पोचलं, तर उघडू नका.

आईला सा. न.

तुमची,
मनू