पणजोबांचा हत्ती

आमच्या पणजोबांचा वाडा होता, हे मी इतक्या लग्नांत सांगितलंय की तो वाडा आता दुमजली झाला आहे. मूळचे दोन खण आणि एक पडवी. तरी साकोलीकडच्या एका मित्राच्या आजोळचा खरा मालगुजारी वाडा बघायला मी बरोबरीच्या नात्यानं निघालो. अंगात पांढरा झब्बा, पायांत कोरे बूट, महिना जुलै.

"आधी मामा तलाव पाहून घ्या," सोबतचा सालगडी म्हणाला.

"कोणाचे मामा?"

"माजी मालगुजारी, भाऊ. मा-मा."

सरकारी कागदात एवढा जिव्हाळा मी प्रथमच पाहिला.

तलावाची वाट धुऱ्यावरून. धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधली वीतभर मातीची कड. मी गड्याला पणजोबांच्या हत्तीबद्दल सांगत होतो. हत्ती त्याच सकाळी सुचलेला. 'सोंड' म्हणताना डावा पाय घसरला आणि रोवणीसाठी केलेल्या गाऱ्यात गुडघ्यापर्यंत गेला. उजवा मदतीला धावला, तोही गेला.

रोवणीचं गाणं थांबलं. वाकलेल्या वीसेक बाया सरळ झाल्या.

"जोर नोका लावू भाऊ, टाच हलवा!"

मी जोर लावला. पाय आला, बूट राहिला. एक आजी आली, कोपरापर्यंत हात घालून चाचपू लागली. आधी खेकडा निघाला. "हा तुमचा का?" तिनं गंभीरपणे विचारलं. बांधीभर हसू पसरलं. मग बूट निघाला. मी 'राहू द्या, राहू द्या' म्हणेपर्यंत तिनं तो पाटाच्या पाण्यात धुतला, पदरानं पुसला. "पाहुने हात तुमी," एवढंच म्हणाली. झब्ब्यातल्या मालगुजाराला काही बोलता आलं नाही.

वाडा पाहिला: सागवानी खांब, धानाची कोठी, गोठ्यात बैल, माडी एका बाजूनं बसलेली. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारांची नावं निदान कागदात उरली. ज्यांनी टोपल्यांनी माती वाहून या पाळी उभ्या केल्या, त्यांची कुठेच नाहीत. हे तलाव बांधणारे कोहळी लोक जमिनीचा उतार नजरेनं ओळखायचे म्हणतात. मला वीतभर धुरा ओळखता आला नाही.

परतताना तलाव गाठला. आता त्यात गाळ. काठाला बेशरम माजलेली. गड्यानं "ही बेशरम" म्हणून बोट दाखवलं तेव्हा मी आधी दचकलो. झुडपाचं नाव आहे हे नंतर कळलं. राग मात्र खरा आला. माडी पडली तर एक घर जातं. हा तलाव बुजला, तर त्या वीस बायांची रोवणी कशावर?

पाटाचं पाणी तेवढ्यात पुढच्या बांधीत उतरलं. गाणं पुन्हा सुरू झालं.

पुढच्या लग्नात कुणी विचारलंच, तर वाडा सांगेन, सवय आहे. हत्ती मात्र गाऱ्यातच राहिला.