मार्चअखेरचे अर्थशास्त्र

सरकारी कचेरीला अर्थशास्त्र कळत नाही म्हणणाऱ्याने 31 मार्चला एखाद्या कोषागारात डोकवावे. एरवी संध्याकाळीच ओस पडणारी ती जागा त्या रात्री लग्नघरासारखी जागी असते. बिलांचे गठ्ठे, ‘बीम्सवर (निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) निधी पडला का?’ची विचारणा, चहावर चहा. हिशेब साधा आहे: न खर्चलेला पैसा परत जातो, वर ‘तुम्हाला लागतच नव्हता’ म्हणून पुढच्या वर्षीची तरतूदही कापली जाते. काटकसर करील त्याला दंड. मग माणसे शहाण्यासारखी वागतात आणि गळक्या छताखाली नवे कोरे प्रिंटर येऊन पडतात. (छताचे लेखाशीर्ष वेगळे, त्यात पैसे नाहीत.)

केंद्राच्या 2017च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार अशी वर्षअखेरची घाई हा वित्तीय औचित्याचा भंग आहे. नियमाची प्रत काढायला प्रिंटर आहेतच.

खाजगी क्षेत्र शिस्तीचे, असा समज आहे. तिथे कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या मागच्या तीन वर्षांतील सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के समाजासाठी ठेवलेत, तेही आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्चायचे. म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात स्वयंसेवी संस्थेचा फोन वाजतो, “मॅडम, आठ दिवसांत पूर्ण होईल असं काही ग्रामीण परिवर्तन आहे का तुमच्याकडे? फोटोसकट?”