माननीय कडवे वाल यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय कडवे वाल,
मु. पो. अलिबाग, पेण, रोहे व पंचक्रोशी, जिल्हा रायगड.

विषय : इस्रायलमधील दीर्घकालीन गैरहजेरीबाबत.

कडवा वाल भातकापणीनंतर रायगडच्या रिकाम्या खाचरांत येतो. त्याला पाणी पाजावे लागत नाही. जमिनीत उरलेली ओल आणि थंडीतले दव एवढ्यावर तो वाढतो, आणि कोणाचेही उपकार न घेतल्याचा कडवटपणा दाण्यात साठवून ठेवतो. माणसाचे काम त्यानंतर सुरू होते. वाल रात्रभर भिजवतात, निथळून मलमलच्या फडक्यात घट्ट बांधतात आणि उबेला ठेवतात. मोड आले की कोमट पाण्यात सोडतात. मग एकेक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दाबायचा. साल मागे राहते आणि पिवळसर डाळिंबी टुणकन परातीत पडते. जोर जास्त झाला तर ती परातीच्या पलीकडे, कपाटाखाली जाते. किलोभर वाल सोलायला घरातल्या दोन बायकांची एक दुपार लागते. पुरुष या कामाला बसल्याची उदाहरणे फारशी नाहीत. सोललेल्या डाळिंब्यांत कांदा, ओले खोबरे, आमसूल आणि गुळाचा खडा पडला की बिरडे होते. आमसूल-गुळाने कडवटपणाला कोपऱ्यात बसवायचे असते. घराबाहेर काढले तर मग वाल कशाला, मटकी काय वाईट?

हे बिरडे कोकणात सगळ्यांचेच. त्यातल्या एका समाजाने मात्र त्याला थेट पंचांगात बसवले होते, आणि प्रस्तुत तक्रार त्याच समाजाच्या वतीने आहे.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. हे लोक घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. आडनावे गावांवरून पडली : रोहेकर, पेणकर, नवगावकर, झिराडकर. सणांची नावे मात्र बरीचशी स्वयंपाकघरातून आली. हाईम सॅम्युएल कहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या समाजाच्या इतिहासात ती आढळतात. नववर्षानंतर लगेच खिरीचा सण, त्यात नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर. वल्हांडण म्हणजे अनाशी धाकाचा सण. खमिराच्या मनाईमुळे आंबट पाण्याचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवायचे, त्यावरून हे नाव. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो दारफाळणीचा सण, आणि दुसरा दिवस शिळा सण. कहीमकरांचे हे पुस्तक छापून निघाले ते 1937 साली, तेल अवीवमध्ये. म्हणजे वालाचे नाव असलेला कागद समाजाच्या बराच आधी तिकडे पोचला होता. वालांना ही सबब सांगता येणार नाही.

कारण याच यादीत बिरड्याचा सणही आहे. जेरुसलेमचे मंदिर दोनदा पाडले गेले त्याच्या शोकाचा दिवस म्हणजे ज्यू पंचांगातल्या अव महिन्याची नवमी. त्याआधीचे दिवस मांस वर्ज्य, नवमीला कडक उपास, आणि त्या उपासाशी जोडलेले वालाचे बिरडे, केळीच्या पानावर वाढलेले. अव महिना बहुधा आषाढ-श्रावणाच्या आसपास पडतो. शेजारच्या हिंदू घरांतही त्या सुमारास मांसमच्छी बंद होऊन वाल भिजत घातलेले असतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जेरुसलेमचे दुःख आणि शेजारच्या काकूंचा श्रावणी सोमवार एकाच भाजीने सुटत असे, आणि त्यात कोणालाही काही विचित्र वाटत नसे. वालांच्या सेवापुस्तिकेत याहून मोठी नोंद नाही.

इस्रायल 1948 मध्ये स्थापन झाले आणि 1950 मध्ये तिथल्या संसदेने परतीचा कायदा केला. त्यानुसार जगातल्या कोणत्याही ज्यू माणसाला तिथे येऊन राहण्याचा हक्क मिळाला. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते. पुढच्या काही दशकांत त्यांतले बहुतेक तिकडे गेले. कायदा माणसांपुरताच होता. वाल, आमसूल, भांबुर्ड्याचा पाला यांच्या पूर्वजांबद्दल त्यात एक अक्षर नाही. अर्थात माणसांचेही सगळे सुरळीत झाले असे नाही. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या वाडवडिलांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. निदर्शने झाली, आणि हे लोक सर्वार्थाने ज्यूच आहेत असे सरकारने जाहीर करायला 1964 उजाडले. त्या काळात सोबतीला ओळखीची एखादी भाजी असती तर बरे झाले असते, एवढेच नोंदवायचे.

पानावर काय होते, तेही वालांना कळावे. 1949 ते 1959 तिथे रेशनिंग होते. तांदूळ दुर्मीळ, म्हणून पंतप्रधान बेन-गुरिअन यांच्या सांगण्यावरून एका अन्नकंपनीने गव्हाच्या पिठाचे, तांदळाच्या आकाराचे दाणे काढले. त्यांचे नाव प्तितीम; लोक त्यांना बेन-गुरिअनचा तांदूळ म्हणत. पदार्थ वाईट नाही, आता तो जगभर चवीने खातात. परंतु रायगडच्या माणसाला भाताच्या आकाराचा गहू वाढणे म्हणजे माहेरी आलेल्या मुलीला आईच्या साडीतली दुसरीच बाई भेटवण्यासारखे आहे. बऱ्याच कुटुंबांना घरे मिळाली ती नेगेव्हच्या वाळवंटातल्या दिमोनासारख्या नव्या गावांत. दिमोना 1955 चे. तिथे वर्षभरात पडणारा पाऊस अलिबाग आषाढात दोन-चार दिवसांत उरकते. तिथे दवावर वाल पिकवण्याचा विचार कोणी केला असेल, तर तो मनातच राहिला.

वालांच्या बाजूने एक अडचण मान्य करावी लागते. बियाणे परवानगीवाचून देशात आणू नये, हा बहुतेक देशांचा नियम आहे आणि तो रास्त आहे. वालाचा पेच असा की तो खाण्याचा जिन्नस आहे हे सिद्ध करायला मोड यावे लागतात, आणि मोड आले की तो बियाणे असल्याचेही सिद्ध होते. भाजून मारलेला वाल कोणत्याही तपासणीतून सुटेल, पण त्याचे बिरडे होणार नाही. म्हणून मुंबईहून निघालेल्या बॅगेत वाल प्रेशर कुकरच्या पोटात किंवा नऊवारीच्या घडीत बसून जातात, आणि विचारले तर बॅगवाल्यांना त्यांचे इंग्रजी नाव आठवत नाही. वजनकाट्यावर कुकर जड का लागतो, याचा खुलासा करताना मावश्यांनी दाखवलेली कल्पकता स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

धर्माच्या बाजूने मात्र वालांना काहीच हरकत येऊ नये. ज्यू धर्मनियमांत किडा निषिद्ध आहे, त्यामुळे कडधान्य निवडून, तपासून घ्यावे लागते. बिरड्यात प्रत्येक दाणा दोनदा भिजतो, मोड येतो की नाही ते कळते, आणि शेवटी नागवा होऊन बोटांतून जातो. याहून कडक तपासणी कोणत्याही शिक्केवाल्या अधिकाऱ्याला जमणार नाही. शिवाय मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून या घरांत नारळाचे दूध आधीच रुळलेले. वालाला त्याचे वावडे नाही.

तुलनेसाठी मलिद्याकडे पाहावे. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, वर फळांच्या फोडी, असा हा एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया प्रेषिताच्या नवसाचा प्रसाद. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर प्रेषिताच्या घोड्याच्या टापेची खूण दाखवतात आणि तिथे नवस फेडतात. मलिदा विमानात बसला आणि गेला. पोहे कोरडे, हलके, निरुपद्रवी. ताटातला खजूर तर तिथे घरचाच. आज दिमोना, अश्दोद, लोद इथल्या बेने इस्राएल घरांत लग्न असो वा नवे घर, मलिद्याचे ताट असतेच. नववर्षाचा चिकाचा हलवाही टिकला, कारण गहू सगळीकडे मिळतो आणि तासन्तास ढवळणारे हात सोबत गेले होते. गोड पदार्थांना परदेश मानवतो. कडवट माणसाचे आणि कडवट भाजीचे कुठेच पटकन जमत नाही.

बदली कर्मचारी नेमून पाहिले. तिथल्या बाजारात फूल नावाचे दाणे मिळतात, म्हणजे मोठ्या तपकिरी दाण्यांचा बाकला. नावावरून देवाला वाहावा, चवीवरून बाजूला ठेवावा. लुबिया म्हणजे आपली चवळी. ती गुणी आहे, नववर्षाच्या ताटातही बसते, पण चवळीला सोलावे लागत नाही, म्हणून दुपारभर परातीभोवती बसायचे कारणच उरत नाही. भारतीय वाणसामानाच्या दुकानांत आता पोहे, तूरडाळ, मसाले मिळतात. तिथे वाल मागितला तर कधी पावटा पुढे येतो, कधी गोडा वाल. पोपटीचे तर नावच काढू नये. थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात दडपून, मडके उपडे घालून भोवती जाळ करायचा, हा रायगडचा उद्योग. इस्रायलमध्ये लाग बाओमेरच्या रात्री गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात. जाळ भरपूर असतो, त्यात बटाटे भाजतात.

ताजी स्थिती पुढीलप्रमाणे. अव महिन्याच्या नवमीला इस्रायलमध्ये सगळे जण तिशा बेआव म्हणतात. बेने इस्राएलांची नातवंडेही तसेच म्हणतात, कारण शाळेत तेच शिकवतात आणि ते बरोबरच आहे. ज्या देशात तो दिवस सगळ्यांचाच झाला, तिथे त्याला भाजीचे नाव लावायची गरज उरली नाही. बिरड्याचा सण हे नाव आता वयस्कर माणसांच्या तोंडी आणि जुन्या पुस्तकांत आहे. वाल हजर असते तर ताटात बोट दाखवून कोणीतरी विचारले असते, आणि कोणीतरी सांगितले असते.

तरी माननीय वालांनी आपल्या गैरहजेरीचा लेखी खुलासा येत्या अव महिन्यापूर्वी सादर करावा, ही विनंती. प्रत्यक्ष येणे शक्य असल्यास खुलाशाची गरज नाही.

सोबत : मलमलचे फडके, एक, कोरडे.

प्रत माहितीसाठी : आमसूल; भांबुर्डा; केळीचे पान. जवळा आणि कोलंबी यांना प्रत पाठवलेली नाही. खवले नसल्याने त्यांच्याशी या घरांचा पत्रव्यवहार पूर्वीपासूनच नाही.