सुटे नाहीत

एसटीच्या कंडक्टरने तिकिटामागे बॉलपेनने ‘बाकी ८’ असं खरडून देणं हा महाराष्ट्रातला एक भारदस्त आर्थिक व्यवहार होता. नोटेवर निदान गव्हर्नरची सही असते, या कागदावर कोणाचीच नसे. तरी प्रवासी तो वरच्या खिशात जपून ठेवी आणि स्वारगेट ते वाई डोळ्याला डोळा लागू देत नसे. कंडक्टर जवळून गेला की उगाच घसा खाकरायचा, तिकीट बोटांत फिरवत बसायचं, म्हणजे त्याला आठवण राहील. तो खिडकीबाहेर बघणार. गाडीतल्या निम्म्या लोकांचं देणं त्याच्या डोक्यावर असे आणि चेहरा मात्र सावकाराचा. शेवटी उतरताना पिशव्या, पोरं आणि न्यायला आलेले मामा यांच्या गडबडीत ते आठ रुपये गाडीबरोबर महाबळेश्वरला निघून जात. मग मामांकडे दोन दिवस पाहुणचार कमी आणि त्या आठ रुपयांचीच चर्चा जास्त.

आता कंडक्टरच्या मशीनवरचा कोड स्कॅन केला की विषय संपला. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, दहाचं तिकीट अकराचं झालं आणि त्या वरच्या एका रुपयावरून गाड्यागाड्यांत जुंपली, तेव्हाही तोडगा म्हणून यूपीआयच पुढे आलं. मला याचा मनापासून आनंद आहे. सुट्यांवरून आयुष्यभर ऐकून घेतलेल्या माणसाला दुसरं काय होणार?

कारण सुटे हा आपल्याकडे नुसता पैशांचा प्रश्न कधी नव्हता, तो चारित्र्याचा होता. शंभराची नोट पुढे केली की दुकानदार आपण ती घरी छापून आणल्यासारखा बघे. “सुटे द्या.” “नाहीत हो.” “बघा, असतील.” ते ‘बघा, असतील’ फार लागे. त्याच्या गल्ल्यात चिल्लर खणखणत असे, पण ती अडीअडचणीसाठी. आपली अडचण त्यात मोडत नसे. मग बरणीतून दोन टॉफ्या हातावर ठेवल्या जात. अशा टॉफ्या साठवून त्याच दुकानात काडेपेटीच्या बदल्यात परत दिल्याची गोष्ट प्रत्येक आळीत सांगतात आणि प्रत्येक आळीत ती ‘आमच्या इथलीच’ असते. दहाच्या नाण्याचे तर आणखी हाल झाले. ते खोटं आहे अशी आवई उठली, कोणी घेईना. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की चलनात असलेले त्याचे चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत. मी हे एका रिक्षावाल्याला समजावून सांगितलं. त्याने रिझर्व्ह बँकेचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाणं परत केलं.

मंडईतला मामला वेगळा होता. तिथे दोन रुपये सुटे नसले की भाजीवाल्या मावशी कढीपत्त्याची काडी पिशवीत टाकत, नाहीतर चार मिरच्या आणि आल्याचा तुकडा. कधी “राहू द्या काका, उद्या द्या” म्हणत. हे दोन रुपये दुसऱ्या दिवशी आठवणीने दिले की मावशींच्या लेखी आपली किंमत वाढे. विसरलो तर त्या आठवड्याने, चारचौघांत, अगदी गोड आवाजात आठवण करत. आता मावशींनी सदतीस रुपये म्हटले की मी सदतीसच पाठवतो. उधारी नाही, आठवण नाही. कढीपत्ताही नाही. मागितला तर मावशी म्हणतात, “दहाची जुडी आहे.” चोख हिशेबात वरची मिरची बसत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

हे यूपीआय सुरू झालं ११ एप्रिल २०१६ रोजी, मुंबईत, रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते. आपल्यापैकी फार थोड्यांनी तिकडे लक्ष दिलं. लक्ष गेलं ते त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर, बँकेच्या रांगेत उभं राहून पाय दुखायला लागल्यावर. घरोघरच्या तांदळाच्या डब्यांत किती पाचशेच्या नोटा नांदत होत्या, हेही नवरेमंडळींना त्याच आठवड्यात कळलं. आज महिन्याला २००० कोटींच्या वर व्यवहार होतात. हा टप्पा ऑगस्ट २०२५ मध्ये ओलांडला. वडापावच्या गाडीवर चिकटवलेला तो कोडचा चौकोन मुळात जपानमधल्या एका कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला होता. तिकडच्या सुट्या भागांसाठी निघालेली वस्तू इकडच्या सुट्या पैशांच्या मुळावर आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर खुद्द अर्थमंत्र्यांनी दक्षिणेकडच्या नंदीबैलाचा व्हिडिओ लोकांना दाखवला. बैलाच्या कपाळावर कोड. पैसे जमा झाले की नाही ते न बघताच मान डोलावणारा या सगळ्या यंत्रणेत तेवढा एकच.

बाकीच्यांसाठी बोलणारी पेटी आहे. गर्दीत दुकानदाराला दर वेळी मेसेज बघायला वेळ नाही आणि ‘पैसे गेले’ असा खोटा स्क्रीन दाखवून माल नेणारे महाभाग निघाले, म्हणून ही पेटी आली. दुकानदार तिचं महिन्याचं भाडं भरतो. तिचं काम चोख आहे, पण तिला भीड नाही. डॉक्टरांनी तेलकट बंद केलेला गृहस्थ गल्लीच्या तोंडाशी आडोशाला उभा राहून दोन प्लेट भजी घेतो आणि पेटी साऱ्या गल्लीला त्याचा आकडा ऐकवते. पूर्वी पुण्यात शेजाऱ्याने काय खरेदी केलं हे कळायला निदान गॅलरीत यावं लागे.

तांदळाच्या डब्यातल्या नोटांकडे मात्र मला परत जायचं आहे, कारण तिथे हसून चालत नाही. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंना आम्ही मोठ्या उत्साहाने म्हटलं, पगार आता थेट खात्यात टाकतो. त्या म्हणाल्या, “नको वहिनी, रोखच द्या. फोन घरी त्यांच्याकडे असतो.” पुढे काही बोलल्या नाहीत, कामाला लागल्या. खातं ताईंचंच आहे. पण त्यातले पैसे जो फोन हलवेल त्याचे. पदराच्या गाठीला पिन नसतो, तरी ती दुसऱ्याला सोडता येत नाही. रोख व्यवहार संपवायला निघालेल्यांनी ही गाठ कुठेतरी हिशेबात धरायला हवी होती असं मला वाटतं. आमच्या घरी त्यांचा पगार रोखच दिला जातो.

२०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय थोड्या थोड्या दिवसांनी कोलमडलं, तेव्हा ताईंच्या कमरेच्या बटव्यात पैसे होते आणि माझ्या खिशात चार्ज केलेला मोबाईल. चहा पिऊन झाल्यावर टपरीवाल्यासमोर उभं राहण्याची कला माझ्या पिढीला येत होती. ती पुन्हा कामाला आली. तो म्हणाला, “जाऊ द्या साहेब, उद्या.” किती वर्षांनी ऐकला तो ‘उद्या’!

फसवणूक पूर्वीही होतीच. फाटकी नोट घडीत दडवून, दिवेलागणीला, गर्दीत पुढे सरकवायची, यात आमच्याकडचे एक काका वाकबगार होते. पण त्याला समोर उभं राहावं लागे, नजर द्यावी लागे. आताचा फसवणारा कुठे बसलाय हे त्याच्या फोनलाच ठाऊक. तुमचा जुना सोफा विकत घेतो म्हणतो, पैसे पाठवतोय म्हणतो, फक्त तेवढा पिन टाका म्हणतो, आणि चांगले शिकलेले लोक टाकतात. मंडईतल्या मावशींना असा फोन आला होता. त्यांनी त्याला विचारलं, “गल्ल्यात पैसे टाकायला चावी लागते का रे?” आणि फोन ठेवून दिला.

मावशींचं बरोबर आहे. पैसे घेताना पिन लागत नाही, फक्त देताना लागतो. आणि तरीही गेलेच, तर लाजत बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.