उभं-आडवं झोडपणारे

पुस्तक न वाचता त्यावर बोलणारे समीक्षक मराठीत मुबलक आहेत; पण शब्दकोडं न सोडवता त्याला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्हणूनच पुरवणीला इतर कुणाचा हात लागण्याआधी तिची चौघडी घालून, बॉलपेन सरसावून बसणारे कोडेबहाद्दर हे आपल्याकडचे उरलेसुरले प्रामाणिक समीक्षक आहेत, असं माझं मत आहे. शेवटचं घर भरेपर्यंत हे गृहस्थ तोंड उघडत नाहीत. भरल्यावर मात्र मिटत नाहीत. त्यातून ‘दिवाळी विशेष’ कोडं असेल तर बघायलाच नको. आडवी ‘चकली’ सापडते, चेहरा खुलतो. मग तिच्या ‘ली’ला धरून खाली ‘लीन’ उतरतो आणि बिनसतं. “फराळापुढे लीन कोण होतंय?” पुढे ‘करंजी’ येते, तर तिच्या ‘रं’मधून ‘रंक’ निघतो. ऐन लक्ष्मीपूजनाला रंक! उरलेल्या चौकटीत बारा महिने मुक्काम ठोकून असलेले खग, नग, रव आणि कनक. “चार पदार्थ टाकले की झाली यांची दिवाळी!”

कुणी म्हणेल, रचणाऱ्याची अडचणही बघा. बघायलाच हवी. 1913 साली ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत आर्थर विन यांनी पहिलं कोडं दिलं, तेव्हा त्यांचं 26 अक्षरांत भागत होतं. मराठीत एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. नुसती बाराखडीच 400च्या घरात जाते, जोडाक्षरं वेगळी. ‘ली’च्या जागी ‘ल’ चालत नाही, ‘लि’ही नाही. म्हणून कान्या-वेलांटीची भानगड नसलेले खग आणि नग अडीनडीला धावून येतात. शब्दांवरचा कोडेबहाद्दराचा राग निम्मा तरी अन्यायाचा आहे, हे मान्य. पण क्लूला कुठली चौकट आडवी येते? ‘खग’साठी दर वेळी ‘पक्षी’ आणि ‘रव’साठी ‘आवाज’ अशीच सक्ती कुठल्याही उभ्या शब्दाने केलेली नसते. याला तो आळस म्हणतो, आणि तो आळसच आहे. रंक टळत नसेल तर ‘पाडव्याच्या ओवाळणीनंतरचा नवरा’ असा क्लू द्या. विषयही सांभाळला जाईल आणि रंकही सुखाने नांदेल.

हा सगळा रिकामटेकडेपणा आहे, हा आक्षेप घरातूनच येतो. असेलही, भरगच्च कामातून सवड काढून कुणी समीक्षा केल्याचं ऐकिवात नाही. “मग तुम्हीच रचून दाखवा ना,” हे आव्हान मात्र तो मनावर घेतो. चौकटीची वही आणतो, गणपतीचा विषय धरतो, ‘मोदक’ ऐटीत आडवा मांडतो आणि चौथ्या ओळीत नाइलाजाने ‘नग’ बसवतो. पण क्लूमध्ये ‘पर्वत’ लिहीत नाही. ‘तऱ्हेवाईक इसम’ असं लिहितो, आणि हे उत्तर घरच्यांना इतक्या चटकन कसं आलं, याचं त्याला मनापासून आश्चर्य वाटतं.